गाडी रिपेअर करून आणली आणि तेव्हापासून गरम मारतेय

मार्च लागला की या सदराकडे येणाऱ्या मेसेजचा सूरच बदलतो. एरवी अ‍ॅव्हरेज, टायर, सेकंडहँड घेऊ का नको असले प्रश्न, आणि मग एकदम सगळ्यांच्या गाड्या तापायला लागतात. पण या वेळी जे प्रश्न आले त्यातल्या बऱ्याच गाड्या गॅरेजमधून परत आल्यावर गरम व्हायला लागल्यात, म्हणजे पैसे खर्च झाले आणि मग खरा त्रास सुरू झाला. म्हणून हा अंक त्यालाच दिला. गाड्यांची मॉडेलं आणि गॅरेजांची नावं मुद्दाम गाळलीत, कारण दोष मॉडेलचा नाहीये आणि गॅरेजवाल्यांची बाजू मी ऐकलेली नाही.

प्रश्न (कराडहून) : काका नमस्कार. माझ्याकडे २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, ९० हजार किलोमीटर झालंय. डिसेंबरात खालचा होज पाईप फुटला आणि माझ्या लक्षात येईपर्यंत गाडी लाल दिव्यावर दोन-तीन किलोमीटर पळाली, मग बंद पडली. गॅरेजवाल्याने हेड पॅकिंग (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक, यांच्यामधलं सील) गेलं म्हणून सांगितलं, ते बदललं, १४ हजार झाले. त्यानंतर गावात काही नाही, हायवेला साताऱ्यापर्यंत काही नाही. पण सासुरवाडी चिपळूणची, तिकडून येताना कुंभार्ली घाटात अर्ध्यावर लाल दिवा लागतो. जाताना उतार असतो तेव्हा काही नाही. परत नेली तर त्याने आधी थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह बदलला, मग वॉटर पंप, मग रेडिएटरच नवीन टाकला, दर वेळी म्हणाला आता नाही होणार. आता म्हणतोय इंजिनाचं काम काढावं लागेल. रिझर्वची बाटली भरून वाहते आणि गाडी थंड झाली तरी पाणी परत रेडिएटरमध्ये जात नाही. डॅशबोर्डच्या मागून गटगट आवाज येतो. बायको म्हणते विकून टाका. काय करू?

उत्तर : दादा, इतक्यात विकू नका. घरात सांगा की काकांनी महिनाभर थांबायला सांगितलंय.

तुमच्या गॅरेजवाल्याने व्हॉल्व्ह बदलला, पंप बदलला, रेडिएटर बदलला, म्हणजे जिथे त्याने स्वतः हात घातला होता ते एक हेड सोडून बाकी सगळं बदललं. माणसाचा स्वभाव आहे, आपलं काम चुकलं असेल असं पटकन मनात येत नाही. मी पण हे केलेलं आहे. शिकाऊ होतो तेव्हा एका गाडीचं पॅकिंग उलटं बसवलं होतं, दिसायला दोन्ही बाजू सारख्याच, पण मागच्या अंगाला असलेली पाण्याची मोठी भोकं झाकली गेली आणि गाडी कात्रजच्या चढाला उकळून परत आली. मी दोन दिवस रेडिएटर धूत बसलो. उस्तादांनी शेवटी विचारलं, रेडिएटरला कोणी हात लावला होता का? नव्हता. मग तो कशाला धुतोयस? तेव्हापासून रिपेअरनंतर बिघडलेली गाडी समोर आली की मी आधी एवढंच विचारतो, शेवटी काय खोललं होतं.

तुमच्याकडे दोन गोष्टी खोलल्या गेल्या, पाण्याची सिस्टीम आणि हेड. सुरुवात स्वस्त गोष्टीपासून करू, ती म्हणजे हवा.

पाणी पूर्ण काढून परत भरलं की आत हवेचे फुगे अडकतात. इंजिनात, हेडच्या वरच्या भागात, हीटरच्या पाईपात. पंप पाणी ढकलतो, हवा त्याला ढकलता येत नाही. जिथे हवा अडकली तिथलं पाणी फिरायचं थांबतं आणि तेवढीच जागा उकळते, बाकी इंजिन गार का असेना. डॅशबोर्डमागचा गटगट आवाज म्हणजे हीटरच्या छोट्या रेडिएटरमधून पाण्याऐवजी पाणी-हवा मिक्स फिरतेय. एक काम करा, इंजिन गरम असताना हीटरचा नॉब फुल लालवर न्या आणि ब्लोअर लावा. गार वारा आला किंवा थोडा गरम थोडा गार असा आला तर हवा आहे किंवा पाणी कमी आहे.

हवा काढायची पद्धत सोपी आहे पण वेळ खाते, म्हणून गॅरेजात घाईत राहून जाते. गाडी पूर्ण थंड पाहिजे, सकाळी करा. पुढची चाकं चढावर घ्या, घराचा रॅम्प असेल तर उत्तम, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच येतं. हीटर फुल गरमवर. झाकण काढा, कूलंट सावकाश ओता, धबाधबा नको, ओतताना वरचा होज हाताने दाबत राहा, बुडबुडे येतील. आता झाकण उघडंच ठेवून गाडी स्टार्ट करा आणि नुसती उभी ठेवा. पाणी थोडं वर-खाली होईल, मग साधारण ८२ ते ८८ डिग्रीला थर्मोस्टॅट, म्हणजे पाण्याला रेडिएटरची वाट मोकळी करणारा व्हॉल्व्ह, उघडला की लेव्हल एकदम खाली जाते आणि वरचा होज हाताला चटका देण्याइतका गरम होतो, तिथे परत भरायचं. लेव्हल स्थिर झाली की झाकण लावा, दोन-अडीच हजार आरपीएमवर मिनिटभर धरा, फॅन दोनदा चालू होऊन बंद होऊ द्या. मग गाडी तशीच सोडून जेवायला जा. पूर्ण गार झाल्यावर परत उघडून बघा, बहुतेक वेळा अजून पाव-अर्धा लिटर मावतं. काही इंजिनांना हवा काढायला वेगळा स्क्रू असतो, काहींना रेडिएटरवर झाकणच नसतं, बाटलीलाच प्रेशरचं झाकण असतं, तुमची कुठली ते मॅन्युअलमध्ये बघा. आणि गरम गाडीचं झाकण उघडायचं नाही, हे मी कितीही वेळा लिहिलं तरी दर उन्हाळ्यात कोणीतरी हात भाजून घेतं.

आता बाटली. बाटली भरून वाहते आणि पाणी परत जात नाही, ह्याला मला तीन कारणं दिसतात आणि तिन्ही वेगळी कशी ओळखायची ते सकाळी चहाच्या आधी कळतं. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा बॉनेट उघडा आणि वरचा होज दाबून बघा. होज चपटा, आत ओढल्यासारखा झाला असेल तर झाकण खराब आहे. त्या झाकणात दोन व्हॉल्व्ह असतात, एक प्रेशर सोडणारा, एक परत पाणी आत घेणारा. दुसरा चिकटला की पाणी बाहेर जातं पण परत येत नाही. होज नॉर्मल पण बाटली भरलेली, तर झाकण आणि बाटली यांच्यामधली ती बारीक नळी कुठेतरी चिरलेली असेल, पाण्याऐवजी हवा ओढतेय. नवीन रेडिएटर टाकताना ती जुनी कडक नळी तशीच ओढून लावलेली मी बऱ्याचदा बघितलीय.

तिसरं कारण मला आवडत नाही. रात्रभर थांबून, इंजिन पूर्ण गार असूनही होज फुगलेला आणि टणक लागला, तर आत प्रेशर कुठून आलं? पाण्याचं प्रेशर गरम असतानाच असतं, गार झालं की जातं. जे उरतं तो गॅस. म्हणजे सिलिंडरमधला जळका गॅस पॅकिंगमधून पाण्यात घुसतोय. आणि तुमचं घाटातलं लक्षण याच्याशी जुळतं. रिकाम्या रस्त्यावर हलक्या पायाने चालवताना सिलिंडरमध्ये दाब कमी असतो, घाटाच्या पायथ्याचं पोफळी सोडून वर चढायला लागलात की थर्ड-सेकंडला फुल अ‍ॅक्सिलरेटर, तेव्हा आतला दाब ४०-५० बारपर्यंत जाऊ शकतो. रेडिएटरचं झाकण सांभाळतं ते जेमतेम १ बार. केसाएवढी फट असली तरी गॅस पाण्यात जाणार, पाण्याला बाटलीत ढकलणार, आणि जिथे गॅस जमला तिथे परत ती हवेचीच गोष्ट. म्हणजे हवा काढून झाली तरी दोन घाटांत ती परत भरेल.

याची खात्री करायला इंजिन खोलायची गरज नाही. काचेची एक नळी मिळते, आत निळं लिक्विड असतं, रेडिएटरच्या तोंडावर धरून रबरी फुग्याने तिथली हवा त्या लिक्विडमधून ओढायची. जळका गॅस असेल तर निळ्याचं पिवळं होतं. आधी रेडिएटरमधलं पाणी थोडं कमी करायचं, नाहीतर कूलंटच नळीत येतं आणि टेस्ट वाया. कराडात एखाद्या तरी मोठ्या गॅरेजवाल्याकडे ही किट असेल, नसेल तर ऑनलाइन मिळते. नव्या रेडिएटरच्या बिलापुढे तिची किंमत काहीच नाही, आणि ही टेस्ट आधी झाली असती तर तो रेडिएटर कदाचित लागलाच नसता.

पिवळं झालं तर हेड परत उतरणार, आणि त्या वेळी तुम्ही तिथे उभे राहा. गॅरेजवाल्याला एकच विचारा, मागच्या वेळी हेड फेसिंगला, म्हणजे मशीनवर घासून सपाट करायला, पाठवलं होतं का? हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, ते तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं, वर बोल्टांनी आवळलेलं, पसरायला जागा नाही, मग वाकतं. लाल दिव्यावर दोन-तीन किलोमीटर पळालेल्या गाडीचं हेड वाकलं नसेल असं मी धरून चालणार नाही. सरळ पोलादी पट्टी हेडवर आडवी-तिरपी ठेवून खालून फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालून बघतात, बऱ्याच छोट्या इंजिनांना ०.०५ मिलिमीटरच्या पुढे चालत नाही. ते डोळ्याला दिसत नाही. नवीन कोरं पॅकिंग वाकड्या हेडखाली टाकलं की गाडी स्टार्ट होते, सपाटीला पळते, मालक खूश होऊन पैसे देतो, आणि पहिल्या चढाला उत्तर मिळतं. ब्लॉकचा वरचा भागही त्याच पट्टीने तपासायला लावा. बोल्ट कुठले वापरले तेही विचारा, बऱ्याच इंजिनांचे हेड बोल्ट आवळताना ताणले जातात आणि परत वापरायचे नसतात, आणि ते टॉर्क रेंचने मधून बाहेरच्या दिशेने टप्प्याटप्प्याने आवळायचे असतात, पान्ह्याला पाईप लावून जोर काढून नाही.

तोपर्यंत कुंभार्लीत जावंच लागलं तर एसी बंद, खालच्या गिअरला, आणि एक ब्लूटूथ ओबीडी डोंगल घ्या, गाडीच्या कॉम्प्युटरच्या सॉकेटला लागतं ते. २०१३ नंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना चालतं, मोबाईलवर टेंपरेचरचा आकडा दिसतो. हल्लीच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत काटाच नसतो, निळा दिवा आणि लाल दिवा, मधलं काही कळत नाही आणि लाल लागेपर्यंत उशीर झालेला असतो. ९० च्या आसपास असेल तर निवांत, १०५ च्या वर चढत राहिला तर थांबा.

मला सकाळच्या होजचं कळवा.

प्रश्न (नागपूरहून) : सर, गाडी दोनदा गरम झाली म्हणून मेकॅनिकने थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढूनच टाकला. म्हणाला आपल्याकडे ४५ डिग्री असते, हा व्हॉल्व्ह थंड देशांसाठी आहे, इथे कामाचा नाही. आता गरम होत नाही पण पेट्रोल जास्त पितेय असं वाटतं. चेक इंजिनचा दिवा पण लागलाय. त्याचा काही संबंध आहे का?

उत्तर : आहे. हे थंड देशांचं वाक्य मी चाळीस वर्षं ऐकतोय, अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनीच्या काळापासून चालत आलेलं आहे. त्या कार्बोरेटरच्या गाड्यांना फारसं कळायचं नाही, म्हणून लोकांना वाटलं चालतं. आत्ताच्या इंजिनात कॉम्प्युटर आहे, सेन्सरने पाणी किती गरम ते सांगितल्यावर तो पेट्रोल ठरवतो. व्हॉल्व्ह नसला की इंजिन तापायला उशीर लागतो, रात्री समृद्धीवर एकसारखं पळताना तर पाणी ६० च्या वर जातच नाही, कॉम्प्युटरला वाटतं अजून थंडी आहे आणि तो जास्त पेट्रोल देत राहतो. ठरलेल्या वेळात इंजिन गरम झालं नाही म्हणून तो दिवा लावतो, तुमचा दिवा बहुतेक तोच आहे, स्कॅनर लावून कोड बघून घ्या. बाहेर ४५ असो की १५, इंजिनाला आत ९० च्या आसपासच बरं वाटतं, ऑइल तेव्हाच नीट पातळ होतं आणि ऑइलमध्ये उतरलेलं पेट्रोल, पाण्याची वाफ तेव्हाच उडून जाते.

दुसरी गोष्ट लोकांना पटत नाही. काही इंजिनांत व्हॉल्व्ह काढल्याने गाडी उलट जास्त गरम होते. त्या व्हॉल्व्हला मागे अजून एक चकती असते, इंजिन गरम झालं की रेडिएटरची वाट उघडते आणि त्याच वेळी आतल्या आत फिरणारी बायपासची वाट ती चकती बंद करते. व्हॉल्व्हच काढला तर दोन्ही वाटा उघड्या, बरंचसं पाणी रेडिएटरला न जाता तसंच गरम परत इंजिनात. तुमच्यात तसं झालं नाही हे नशीब.

नवीन बसवून घ्या आणि बसवायच्या आधी घरी टेस्ट करा. पातेल्यात पाणी, व्हॉल्व्हला दोरा बांधून मध्ये लोंबकळत सोडा, तळाला टेकू देऊ नका, बाजूला थर्मामीटर. व्हॉल्व्हवर जो आकडा कोरलेला असतो, समजा ८२, त्याच्या आसपास उघडायला लागला पाहिजे आणि पुढच्या १०-१५ डिग्रीत पूर्ण. बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे, आणि कडेला एक छोटी हलणारी पिन असते ती वरच्या बाजूला, हवा तिथून निघते. पातेलं मात्र चहाचं घेऊ नका. व्हॉल्व्ह वापरलेला असेल तर त्याला कूलंट लागलेलं असतं आणि ते विषारी आहे.

आणि मुळात दोनदा गरम का झाली होती ते अजून कोणी शोधलेलंच नाहीये, ते राहिलंय.

प्रश्न (ठाण्याहून) : पुढून छोटा अ‍ॅक्सिडेंट झाला, बंपर, कंडेन्सर, रेडिएटर, फॅन असं सगळं इन्शुरन्समध्ये बदललं. आता घोडबंदर रोडला ट्रॅफिकमध्ये गाडी तापते, पळायला लागली की नॉर्मल. फॅन फिरतोय हे मी डोळ्यांनी बघितलंय. अजून एक, सिग्नलला उभं राहिलं की एसी पण गार मारत नाही, आधी असं नव्हतं.

उत्तर : एसीचं लिहिलंत ते फार बरं केलंत, उत्तर त्यातच आहे. पळताना वारा समोरून आपोआप येतो, उभ्या गाडीत तो फक्त फॅन आणतो. आणि एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच बसतो, दोघांना वारा एकाच फॅनचा. दोघेही फक्त उभ्या गाडीत रुसतायत म्हणजे पाण्यात काही नाही, वाऱ्यात आहे.

फॅन फिरतो हे बघितलंत, पण वारा कुठल्या दिशेला जातोय ते बघितलं का? फॅन मोटरच्या दोन वायरी उलट्या जोडल्या गेल्या की फॅन उलटा फिरतो, आवाज तोच येतो. रेडिएटरच्या मागे बसलेल्या फॅनने पुढून हवा खेचून इंजिनाकडे सोडली पाहिजे. गाडी स्टार्ट करून एसी लावा, फॅन चालू झाला की समोरच्या जाळीवर वर्तमानपत्राचा एक कागद धरा. चिकटून राहिला तर ठीक. फडफडत बाहेर ढकलला गेला तर वायरी उलट्या आहेत, दहा मिनिटांचं काम आहे, पैसे देऊ नका.

कागद चिकटला पण अर्धवट, एका कोपऱ्यातच, तर फॅनभोवतीचं प्लॅस्टिकचं आवरण किंवा कडेचे फोमचे पट्टे परत लावलेले नसणार. ते फालतू दिसतात म्हणून राहतात. पण त्यांच्याशिवाय फॅन सरळ पुढची हवा ओढायच्या ऐवजी इंजिनाकडचीच गरम हवा बाजूने ओढून परत फिरवत बसतो. खालचा काळा प्लॅस्टिकचा पत्रा आहे का तेही वाकून बघा.

आणि कोणी फॅन डायरेक्ट करून देतो म्हणाला, म्हणजे चावी फिरवली की कायम चालू, तर नको म्हणा. रिले आणि फ्यूजला बगल देऊन ओढलेली ती वायर एक दिवस वितळते.

प्रश्न (सोलापूर जिल्ह्यातून) : आमच्या पिकअपच्या रेडिएटरला बारीक गळती होती. वडिलांनी हळद टाकली, गळती बंद झाली. पण महिन्याभरात गाडी गरम व्हायला लागली. पाणी बोअरचंच टाकतो, आमच्याकडे काही बर्फ पडत नाही मग कूलंटचे पैसे कशाला घालायचे? आणि हिरवं, लाल, निळं यातलं चांगलं कुठलं?

उत्तर : हळद काम करते हे खोटं नाही, ट्रकवाल्यांचा जुना उपाय आहे, रात्री अडीच वाजता रानात अडकलात तर मीही करीन. पण हळद पाण्यात विरघळत नाही, तिचा लगदा होतो. तो भोकात जाऊन बसतो तसाच रेडिएटरच्या काडीएवढ्या नळ्यांतही जाऊन बसतो, त्याला भोक कुठलं आणि नळी कुठली ते कळत नाही. गावात पोचलं की त्याच आठवड्यात काढून धुवायची असते, ते तुमच्याकडे राहिलं.

त्यात बोअरचं पाणी. तुमच्या चहाच्या भांड्याला, गिझरच्या कॉइलला जो पांढरा थर धरतो तोच इंजिनाच्या आतल्या भिंतीला धरतो, आणि तो थर उष्णता अडवतो. बाहेरून रेडिएटर कितीही चकाचक असू द्या. रेडिएटर गाडी गरम असताना हाताने चाचपून बघा, पण इंजिन बंद करून आणि फॅनपासून हात लांब ठेवून. एखादा पट्टा बाकीच्यापेक्षा गार लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. रेडिएटरवाल्याकडे देऊन साफ करून घ्या, जुना फार जाम असेल तर नवीनच. हीटर असेल तर तोही उलटा फ्लश करायला सांगा, हळद तिथेही असणार.

कूलंट बर्फासाठी असतं हा अर्धाच भाग. त्याने पाणी उशिरा उकळतं, साधं पाणी उघड्यावर १०० ला उकळतं, महाबळेश्वरला तर ९५-९६ लाच. निम्मं कूलंट निम्मं पाणी आणि वर १ बारचं चांगलं झाकण असेल तर तेच १२५ च्याही पुढे जातं. आणि गंज धरू देत नाही, पंपाचं सील टिकतं. बर्फ नसला तरी निदान ३० टक्के कूलंट असावं, उरलेलं डिस्टिल्ड किंवा बॅटरीचं पाणी. उलट टोकाला जाऊन शुद्ध कूलंटच भरू नका, चांगलं म्हणून जास्त चांगलं असं ते नाही, निव्वळ कूलंट पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं. डब्यावर आधीच मिक्स केलेलं लिहिलंय का ते वाचा, तसं असेल तर परत पाणी घालायचं नाही.

रंगावर जाऊ नका. रंग कंपनी घालते, त्याचा सगळ्यांनी पाळलेला असा काही नियम नाही. मॅन्युअलमध्ये जो प्रकार लिहिलाय तो घ्या आणि दोन प्रकार एकत्र करू नका. जुनं काढलेलं शेतात किंवा गोठ्याजवळ ओतू नका, ते गोड लागतं, कुत्रं-मांजर चाटतं आणि मरतं.

प्रश्न (सावंतवाडीहून) : आंबोली घाटात लाल दिवा लागला. यांनी गाडी लगेच बंद केली, बॉनेट उघडून इंजिनावर गार पाण्याची बाटली ओतली. मी नको म्हणत होते. कोण बरोबर?

उत्तर : ताई, तुम्ही. तापलेल्या हेडवर गार पाणी म्हणजे तडा जायला आमंत्रण. यजमानांचं थांबणं मात्र बरोबर होतं. बाजूला घ्यायला जागा मिळेपर्यंतच्या शंभर-दोनशे मीटरमध्ये एसी बंद, हीटर आणि ब्लोअर फुल, काचा खाली, घामाघूम व्हाल पण हीटर इंजिनातली उष्णता ओढतो. वाफ निघत असेल तर इंजिन लगेच बंद. नंतर निदान अर्धा-पाऊण तास झाकणाला हात नाही, रेडिएटरचा वरचा होज हाताला कोमट लागला की मगच, जाड फडकं धरून, सावकाश थोडंच फिरवून आधी हवा सोडायची. गाडी गेल्या काही महिन्यांत कुठे खोलली होती का ते तुम्ही लिहिलं नाही. बेल्ट, पंप, काहीही. ते कळवा.

अंक छपाईला जाता जाता कराडच्या वाचकांचा मेसेज आला : "काका, हवा काढली, हीटर आता गरम मारतो, गटगट बंद. पण तीन दिवस झाले, रोज सकाळी होज दगडासारखा. ती निळी टेस्ट सांगलीत केली, दोन मिनिटांत पिवळं झालं. गॅरेजवाल्याला विचारलं, हेड फेसिंगला पाठवलं नव्हतं म्हणाला, तुम्हाला गाडी लवकर हवी होती ना म्हणून. आता परत उतरवतोय, मजुरी घेणार नाही म्हणालाय, पॅकिंग आणि फेसिंगचे पैसे मी द्यायचे. घेऊ का?"

घ्या, तो माणूस कबूल झालाय हे कमी नाही. बोल्ट नवीन टाकायला सांगा, आणि फेसिंगवाल्याकडून हेडची जाडी किती उरली ते लिहून आणा, मर्यादेच्या खाली गेलं असेल तर तेच हेड परत बसवू देऊ नका.